गाडीत काही नाही, मॅडम

वर्कशॉपच्या दारात गेली की आमची गाडी पाहुण्यांसमोरच्या पोरासारखी शहाणी व्हायची. एका चावीत स्टार्ट, आवाज नाही, धूर नाही, डॅशबोर्डवर एकही दिवा नाही. चावी परत देताना सर्व्हिस ॲडव्हायझरचं वाक्य ठरलेलं, "गाडीत काही नाही, मॅडम." आणि वाघबीळचा चढ लागला, मागे ऊस नाहीतर खडी भरलेला ट्रक आला, की तीच गाडी गप्पकन बंद.

मी कोल्हापुरात आर. के. नगरात राहते आणि शिकवायला पन्हाळ्याला जाते. शिवाजी पूल, वडणगे फाटा, केर्ली, वाघबीळ हा रोजचा रस्ता. गाडी २०२३ ची, पेट्रोलवरची, हाताने गिअर टाकायची साधी हॅचबॅक, कंपनीच्या वॉरंटीतली. २०२५ च्या उन्हाळ्यात हे दुखणं सुरू झालं. केर्लीपर्यंत काही नाही. इंजिन नीट तापलं आणि चढ लागला, की एकही आचका न देता इंजिन जायचं. लाल दिवे लागायचे, स्टिअरिंग जड व्हायचं. ब्रेकचं तर वेगळंच. ब्रेकला जोर देणारा बूस्टर इंजिनच्या व्हॅक्यूमवर चालतो. इंजिन बंद झालं तरी साठलेल्या व्हॅक्यूमवर एकदोनदा ब्रेक नेहमीसारखा लागतो, त्यानंतर पेडल कडक होतं आणि सगळा भार पायावर येतो. चढावर, मागे ट्रक असताना हे कळतं तेव्हा हँडब्रेक ओढणारा हात थरथरत असतो.

मग बॉनेट उघडून कडेला उभं राहायचं. कुणीतरी जीपवाला थांबून विचारायचा, "टोचन करू का ताई?" त्याने दोर काढेपर्यंत इंजिन गार झालेलं असायचं, आणि गाडी काहीच घडलं नाही अशा थाटात सुरू. तो माझ्याकडे बघायचा, मी गाडीकडे.

सर्व्हिस सेंटर अधिकृत, काचेचं, थंडगार. कोणतं ते सांगत नाही. तिथे स्कॅनर लावला, बिघाडाचा कोड काही आला नाही. टेस्ट ड्राइव्ह म्हणजे हायवेवर तावडे हॉटेलपासून शिरोलीपर्यंत जाऊन परत, तीही सकाळी, गार इंजिनावर, सपाट रस्त्याला. मग निदान निघालं, "पेट्रोलचा प्रॉब्लेम आहे. आता इथेनॉल जास्त असतंय ना." त्या वर्षी देशभर पेट्रोलमधलं इथेनॉल २० टक्क्यांवर गेलं हे खरं, आणि आमच्याच जिल्ह्यातले साखर कारखाने ते बनवतात हेही खरं. पण इथेनॉलला चढ आणि सपाटी कळते, केर्लीच्या पुढे गेल्यावरच ते रुसतं, हे काही पटेना. तरीही थ्रॉटल बॉडी, म्हणजे इंजिनात हवा सोडणारा भाग, साफ करून त्याचं बिल माझ्या हातात ठेवलं. हे वॉरंटीत येत नाही म्हणे.

पावसाळा लागला तसा नवा प्रश्न आला. "पुरात गेली होती का गाडी?" पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका, हे आकडे कोल्हापुरात शाळकरी पोरांनाही पाठ असतात. २०१९ आणि २०२१ च्या पुरांनी इथल्या किती गाड्या खाल्ल्या हे सगळ्यांनी पाहिलंय, त्यामुळे प्रश्नात चूक नाही. चूक अशी की उत्तर यायच्या आत ॲडव्हायझरने जॉब कार्डवर 'पाणी शिरल्याचा संशय' असं टाइप केलं. पाण्यात गेलेल्या गाडीला वॉरंटी लागत नाही. म्हणजे सही केली असती तर पुढचं सगळं माझ्या खिशातून.

मी सही केली नाही. त्याला म्हटलं, चला, आत्ता बघू. पुढचा सीटबेल्ट पार शेवटपर्यंत ओढून दाखवला. पुरातल्या गाडीच्या पट्ट्याचा नेहमी आत गुंडाळलेला भाग कुणी धूत नाही, तिथे गाळाची रेघ सापडते. आमचा पट्टा कोरा करकरीत. मग डिकीतली स्टेपनी उचलायला लावली. खालच्या खोलगट जागेत गंज नाही, चिखल नाही, फक्त माझ्या मुलीची हरवलेली शटलकॉक. कार्पेटचा कोपरा त्यानेच उचलला आणि त्यानेच सोडला. ती ओळ कार्डावरून गेली.

हे असं का करतात, याचं उत्तर तिथल्याच एका टेक्निशियनने बाहेर चहाच्या गाड्यावर दिलं. वॉरंटीतल्या कामाचे पैसे कंपनी डीलरला देते, पण बिघाड काय, कोड कोणता, काढलेला पार्ट कुठे, हे सगळं बघून. कोड नसताना अंदाजाने पार्ट बदलला आणि कंपनीने क्लेम नाकारला, तर खर्च डीलरच्या डोक्यावर. म्हणून अधूनमधून येणाऱ्या बिघाडाला कुणी हात लावत नाही. आडमुठेपणाला हिशेबाची साथ आहे, एवढं समजल्यावर माझा राग कमी झाला असं नाही, पण कशासाठी भांडायचं ते कळलं. बिघाड आहे हे मी ओरडून सांगण्यात अर्थ नव्हता, तो नोंदवला जायला हवा होता.

मग उद्यमनगरातल्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेले. गाड्यांच्या वायरिंगमध्ये आयुष्य गेलेला माणूस, सगळे त्यांना मामाच म्हणतात. सगळं ऐकून घेतलं, बॉनेट उघडलं, बॅटरी आणि अर्थिंगची व्होल्टेज मीटरवर बघितली, ठीक होती. आणि हात मागे घेतले. "वायरला मी हात लावत नाही ताई. लावला की म्हणतील भाईर काम केलंय, वॉरंटी संपली." मग एकच विचारलं, "बंद पडती तवा आरपीएमची सुई कशी पडती? हळूहळू का एकदम?"

मला सांगता येईना. चढावर इंजिन गेलेलं असताना इंजिनच्या फेऱ्या दाखवणारी सुई कोण बघतो!

"बघा. गाडी गिअरात हाय, चाकं फिरत्यात, क्लच दाबला न्हाई. म्हंजी चाकं इंजिनला फिरवत्यातच की. मग सुई एकदम शून्यावर आली, तर इंजिन थांबलं न्हाई. इंजिन फिरतंय हे सांगणारा थांबलाय."

तो सांगणारा म्हणजे क्रँक सेन्सर. क्रँकशाफ्ट कुठल्या स्थितीत आहे, किती वेगाने फिरतोय हे तो ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, कळवत असतो, आणि त्यावर ईसीयू पेट्रोल कधी मारायचं, ठिणगी कधी टाकायची ते ठरवतो. बऱ्याच गाड्यांत सेन्सरचा सिग्नल गेला की दोन्ही बंद. सेन्सरमध्ये दोष असेल तर तापल्यावर आतलं कनेक्शन तुटतं आणि गार झालं की जुळतं. कोड न राहण्याचं कारणही मामांनीच सांगितलं. काही गाड्यांत ईसीयूला वाटतं की इंजिन नेहमीसारखं बंद केलं. काहींत कच्चा, म्हणजे पेंडिंग कोड पडतो, आणि पुढच्या एकदोन फेऱ्यांत बिघाड परत दिसला नाही की आपोआप पुसला जातो.

पुढच्या रविवारी नवऱ्याला शेजारी बसवलं. गाडी चालवत फोन धरायचा नाही, हा घरातला नियम. त्याच्या हातात कॅमेरा, आणि स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये ऑनलाइन मागवलेला ब्लूटूथचा छोटा स्कॅनर. दुपारचं ऊन, एसी चालू, वाघबीळचा चढ. गाडी आम्ही गेलो म्हणून लगेच बंद पडली नाही, हे सांगायला नकोच. खाली उतरून परत वर आलो. मग ते घडलं. व्हिडिओत स्पीडोमीटर तिशीच्या आसपास आहे, तिसरा गिअर आहे आणि आरपीएमची सुई कापल्यासारखी खाली. कडेला थांबून, इग्निशन बंद न करता फोनवर कोड वाचला. पेंडिंगमध्ये पी०३३५, क्रँक सेन्सरच्या सर्किटचा. स्क्रीनशॉट तारीख-वेळेसकट.

सर्व्हिस सेंटरवाल्यांनी व्हिडिओ पाहिला आणि म्हणाले, "बाहेरच्या स्कॅनरवर आम्ही विश्वास ठेवत नाही." ठीक. यावेळी मी बोलत बसले नाही. जॉब कार्डावर त्यांच्या 'जनरल चेकअप'ऐवजी माझी तक्रार माझ्या शब्दांत लिहून घेतली, 'इंजिन गरम झाल्यावर चढावर चालती गाडी बंद पडते, वाहन असुरक्षित'. स्कॅन केला तर कोड क्लिअर करायच्या आधी प्रिंट द्यायची, हेही लिहायला लावलं. कोड क्लिअर केला की त्यासोबत नोंदलेली त्या क्षणाची सगळी माहिती जाते. शेवटी 'दोष आढळला नाही' लिहिलेलं जुनं प्रत्येक कार्ड मागून घेतलं. ती कार्डंच सगळ्यात जास्त उपयोगी पडली. एकच तक्रार, तोच मजकूर, त्यांच्याच शिक्क्यानिशी.

हे सगळं जोडून कंपनीच्या ग्राहक सेवेला मेल केला आणि तक्रार क्रमांक घेतला. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोन करून तिथेही नोंद केली. वकील असलेल्या मावसभावाने एक परिच्छेद घालून दिला. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे मी राहते त्या जिल्ह्यातल्या आयोगाकडे तक्रार करता येते, कंपनी कुठलीही असो. वस्तूचे मोजलेले पैसे ५ ते १० लाखांत असतील तर शुल्क २०० रुपये, मुदत कारण घडल्यापासून २ वर्षं, आणि दोष तपासायला आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो. धमकी नाही, फक्त माहिती. तो परिच्छेद वाचल्यावर कंपनीच्या विभागीय माणसाचा फोन आला, आणि आवाजातला "मॅडम" एकदम मऊ झाला होता.

माझी अट एकच होती. टेस्ट ड्राइव्ह माझ्या रस्त्याला, तापलेल्या इंजिनावर, लॅपटॉप जोडून, आणि मी गाडीत. चहाच्या गाड्यावर भेटलेला तो टेक्निशियनच आला. गाडी तो चालवत होता, विभागीय साहेब मागे लॅपटॉप घेऊन. पहिल्या चढाला गाडी झकास गेली. साहेबांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. दुसऱ्यांदा, पन्हाळ्याकडे वळायच्या जरा अलीकडे, इंजिन गेलं.

"गेलं की ओ!" टेक्निशियन अक्षरशः आनंदाने ओरडला. लॅपटॉपवर वाहनाचा वेग २८, इंजिनचा वेग शून्य. साहेब काही बोलले नाहीत, रेकॉर्डिंग सेव्ह केलं.

काढलेला सेन्सर मी मागून पाहिला. अंगठ्याएवढा काळा तुकडा, एका बोल्टवर बसणारा, किंमत हजार-दोन हजारांच्या घरातली. त्याच्यासोबत वायरिंगचा कपलरही बदलला, कारण पिना सैल निघाल्या. दोन्ही वॉरंटीत, आणि जॉब कार्डावर पार्ट नंबरसकट. त्यानंतर वाघबीळला गाडी थांबली ती फक्त कणसं घ्यायला.

गाडी घेऊन निघाले तसा ॲडव्हायझर काचेशी आला. "मॅडम, कंपनीचा फोन येईल, दहापैकी दहा द्या. कमी दिले की आमच्या इन्सेंटिव्हवर येतंय." फोन आला तेव्हा मी टेक्निशियनला दहा दिले आणि सर्व्हिस सेंटरला तीन. पलीकडच्या मुलीने कारण विचारलं. मी सांगायला लागले, तर तिच्या फॉर्ममध्ये तेवढी जागा नव्हती.

थ्रॉटल बॉडीच्या बिलाचे पैसे परत मागितले आहेत. "वरून मंजुरी आली की कळवतो" म्हणालेत. परवा त्याच मेलला सेन्सर बदललेल्या जॉब कार्डाची प्रत जोडून पुन्हा पाठवली.