तुम्ही विचारलंत म्हणून : रेषेवरचा चेंडू कोणाचा?

बेसबॉलच्या सामन्यात पंच म्हणून उभा राहिलो की सामना संपल्यावर एक प्रश्न हमखास येतो. चेंडू पहिल्या बेसजवळून (धावणारा गाठतो त्या पहिल्या टप्प्याजवळून) गेला, तो फाउल, म्हणजे रेषेबाहेरचा, असल्याचे मात्र लांब होम प्लेटमागे (बॅटर उभा राहतो त्या जागेमागे) असलेल्या पंचाने सांगितले. बेसच्या अधिक जवळ उभा असलेला दुसरा पंच गप्प का राहिला? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर पंचांच्या अंतरात नसून त्यांच्या कोनात आहे.

होम प्लेटपासून पहिल्या आणि तिसऱ्या बेसवरून कुंपणापर्यंत दोन रेषा जातात. फेअर (रेषेच्या आतला) की फाउल हे ठरवताना पाहायचे असते ते चेंडू आणि रेषा यांचे नाते. क्षेत्ररक्षकाचे पाय कुठे आहेत याला काहीच महत्त्व नाही. रेषेच्या रोखाने पाहणाऱ्या पंचाला ९० फुटांवरूनही हे नाते दिसते. रेषेच्या एका बाजूला, चेंडूपासून अगदी थोड्या अंतरावर असलेल्या पंचाला ते फसवे दिसू शकते. क्रिकेटमध्ये धावबादचा निर्णय देणारा पंच क्रीजच्या रेषेत उभा राहतो, तो याच कारणासाठी.

आता दोन पंचांच्या सामन्याकडे पाहू, कारण बहुतेक हौशी सामन्यांत दोनच पंच असतात. एकही रनर (बॅटिंग करणाऱ्या संघाचा धावणारा खेळाडू) बेसवर नसताना बेस अंपायर, म्हणजे बेस सांभाळणारा पंच, पहिल्या बेसच्या क्षेत्ररक्षकाच्या दहा-बारा फूट मागे, रेषेच्या बाहेर उभा राहतो. त्या वेळी बेसच्या पुढच्या कडेपासून मागे, थेट कुंपणापर्यंतची उजवी रेषा त्याची असते. बेसच्या अलीकडचा भाग आणि तिसऱ्या बेसकडची संपूर्ण रेषा प्लेट अंपायरची, म्हणजे होम प्लेटमागच्या पंचाची. रनर बेसवर आला की चित्र बदलते. चोरटा बेस (चेंडू टोलवला नसताना रनरने धावून गाठलेला पुढचा बेस) किंवा डबल प्ले (एकाच खेळीत दोघे बाद) पाहता यावा म्हणून बेस अंपायरला पिचरच्या (चेंडू टाकणाऱ्याच्या) माऊंडमागे, म्हणजे उंचवट्यामागे, डायमंडच्या (चार बेसमधल्या चौकोनाच्या) आत यावे लागते, आणि तेथून त्याला दोन्ही रेषा तिरक्या दिसतात. म्हणून त्या क्षणापासून दोन्ही रेषा, शेवटपर्यंत, प्लेट अंपायरच्या होतात. तुम्हाला गप्प दिसलेला पंच कर्तव्यात कसूर करत नव्हता. तो चेंडू त्याचा नव्हताच. त्याने तिथे तोंड उघडले असते तर एकाच चेंडूवर दोन निर्णय ऐकू आले असते, आणि माझ्या मते मैदानावर त्याहून वाईट गोष्ट नाही.

सर्वांत अवघड असतो तो रेषेला धरून मंद गतीने घरंगळणारा चेंडू. प्लेट अंपायर मास्क डाव्या हाताने काढून, कॅचरच्या (बॅटरमागे चेंडू झेलणाऱ्याच्या) मागून बाहेर येऊन रेषेच्या दोन्ही बाजूंना एकेक पाय ठेवून उभा राहतो आणि काहीही बोलत नाही. चेंडू रेषेबाहेर गेला तरी तो अजून फाउल नसतो. पहिल्या किंवा तिसऱ्या बेसच्या अलीकडे तो आत परतून थांबला, किंवा आत असताना कोणी त्याला हात लावला, तर तो फेअर. चेंडू बाहेर राहावा म्हणून कॅचर आणि पिचर वाकून नुसते पाहत बसतात, ते यामुळेच. उसळी घेत बेसवरून जाणाऱ्या चेंडूचा निवाडा मात्र बेस ओलांडतानाच होतो. नंतर तो कुठे पडला याने फरक पडत नाही. बेस, रेषा आणि कुंपणापाशी रेषेच्या टोकाला उभा असलेला खांब, म्हणजे फाउल पोल, हे सर्व फेअर हद्दीत मोडतात. १९७५ च्या वर्ल्ड सिरीजमधील (अमेरिकेतील मेजर लीग या व्यावसायिक स्पर्धेच्या अंतिम मालिकेतील) सहाव्या सामन्यात कार्लटन फिस्कचा फटका डाव्या पोलला लागला आणि तो होमरन ठरला, तो या नियमानेच.

फाउल असेल तर पंच दोन्ही हात वर करून मोठ्याने ओरडतो. फेअर असेल तर केवळ आत बोट दाखवतो, आवाज काढत नाही. फाउल हा शब्द कानी पडताच रनर आणि क्षेत्ररक्षक जागीच थांबतात, चेंडू मृत होतो आणि ती चूक नंतर धडपणे दुरुस्त करता येत नाही. त्यामुळे फाउल म्हणण्याची घाई मला सर्वांत घातक वाटते.

जवळ असणे पुरेसे नसते याचे उदाहरण मोठ्या स्पर्धेतही घडले आहे. मेजर लीगच्या प्लेऑफमध्ये (हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांत) सहा पंच असतात, त्यांपैकी दोघे केवळ आउटफिल्डच्या, म्हणजे बेसच्या पलीकडच्या मैदानाच्या, रेषांसाठी. ऑक्टोबर २००९ मध्ये यँकीज आणि ट्विन्स या संघांच्या सामन्यात, अकराव्या इनिंगमध्ये ट्विन्सच्या जो मॉअरचा फटका डाव्या रेषेच्या आत पडला असताना तेथील पंचाने तो फाउल दिला. पुढे २०१४ मध्ये मेजर लीगने व्हिडिओ पुनरावलोकनाची कक्षा वाढवली, पण ते फेअर-फाउलसाठी पहिल्या व तिसऱ्या बेसच्या पंचांच्या जागेपलीकडे पडणाऱ्या चेंडूंपुरतेच ठेवले. त्यांच्या अलीकडचा चेंडू पंचाच्या डोळ्यांवरच सोडला, आणि तसे करणे मला योग्य वाटते, कारण तिथे खेळ थांबला की रनरचे काय करायचे याचे न्याय्य उत्तर कॅमेरा देऊ शकत नाही.

रेषेजवळ झेल घेण्याचा प्रयत्न होतो तेव्हा ज्याची रेषा असते तोच पंच झेलही देतो. तो आधी चेंडू आत की बाहेर ते हाताने दाखवतो आणि मगच झेल झाला की सुटला हे सांगतो, कारण झेल सुटला तर पुढे चेंडू जिवंत आहे की नाही हे त्या पहिल्या खुणेवरच ठरते.