डेनिस बंबाच्या मॅन्युअलसाठी वोकिंग ते बोव्हिंग्टन

आमचा आगीचा बंब डेनिस या इंग्लिश कंपनीचा, मॉडेल एफ-१२, १९५०च्या दशकातला. त्याचं मॅन्युअल शोधायला आम्ही दोघे निघालो आणि दोन दिवसांत उमजलं, की असं एकच पुस्तक नसतंच. शासी (गाडीचा सांगाडा) आणि पंप डेनिसचे, इंजिन रोल्स-रॉइसचं, शिडी बहुधा तिसऱ्याच कुणाची. म्हणजे शोधही तितक्याच ठिकाणी.

पहिला मुक्काम इंग्लंडमधलं वोकिंग. गिल्डफर्डच्या डेनिस ब्रदर्सचं दप्तर तिथल्या सरे हिस्टरी सेंटरमध्ये जपलंय. कॅटलॉग घरबसल्या चाळा, काय पाहायचंय ते आधीच कळवा, खिशात पेन नको, पेन्सिल ठेवा. आमची फजिती झाली ती आमच्याच दोषाने. गाडीचा रजिस्ट्रेशन नंबर तोंडपाठ, पण शासी नंबर कुणीच उतरवून घेतला नव्हता! मागे राहिलेल्या मित्राला फोन केला. बिचारा रॉकेलचा बोळा घेऊन गाडीखाली शिरला. पाटीवरचा एक आकडा तीन की आठ, यात अर्धी दुपार गेली. निघण्याआधी शासी, इंजिन, गिअरबॉक्स, पंप, सगळ्या पाट्या पुसून त्यांचे फोटो काढा.

संध्याकाळी गिल्डफर्डला जाऊन डेनिसचा १९०१चा कारखाना, रॉडबरो बिल्डिंग्ज, बाहेरून पाहिला. मॅन्युअलच्या दृष्टीने उपयोग शून्य, पण इतक्या जवळ येऊन चुकवणं जमलं नाही.

दुसऱ्या दिवशी वोकिंगहून वेमथच्या रेल्वेने वूल गाव. तिथून बोव्हिंग्टनचं टँक म्युझियम तीनेक किलोमीटर. बंबासाठी रणगाड्यांकडे कशाला? तर आमचं आठ सिलिंडरचं बी-८० इंजिन लष्कराच्या सॅरासेन आणि सॅलाडिन या चिलखती गाड्यांमध्येही होतं. बी-४०, बी-६० आणि बी-८० ही चार, सहा आणि आठ सिलिंडरची भावंडं. बोअर (सिलिंडरचा व्यास) साडेतीन इंच, स्ट्रोक (पिस्टनची धाव) साडेचार इंच, तिन्हींत तेच. त्यामुळे बरेच सुटे भाग सामाईक, आणि फेरेट या छोट्या चिलखती गाडीतल्या बी-६०चे कागदही कामाला येतात. लष्करी कागद नवख्या मेकॅनिकला समोर ठेवून लिहिलेले असतात, म्हणून मला तेच जास्त आवडतात. अभ्यासिकेची वेळ मात्र आधी ठरवून घ्या.

एक सावधगिरी. लष्करी गाड्यांचं इग्निशन २४ व्होल्टचं आणि शील्ड केलेलं, म्हणजे धातूच्या आवरणात झाकलेलं असतं. ती पानं बंबाला लावू नका. इंजिनाच्या पाटीवरचा मार्क, म्हणजे आवृत्तीचा क्रमांकही जुळवून पाहा.

दोनच गोष्टींच्या प्रती घेता येणार असतील, तर वर्कशॉप मॅन्युअलच्या आधी पार्ट्स लिस्ट घ्या. सुटे करून दाखवलेले भाग आणि त्यांचे नंबर पाहिले, की कोणता वॉशर कुठे हे भांडण मिटतं.

शिडीचं अजून बाकी आहे. तिच्या चाकाजवळ एक पाटी सापडली खरी, पण तिच्यावर लाल रंगाचे थर चढलेत. आधी ते उतरवायचेत.