इंदूरहून मढई-पचमढी, फिल्म कॅमेऱ्याच्या बेतानं

सातपुडा राष्ट्रीय उद्यानात फिल्म कॅमेरा घेऊन जाणार असाल तर वाघाचा नाद घरीच सोडा. पन्नास मिलिमीटरच्या लेन्समधून लांबचा वाघ म्हणजे गवतातला ठिपका. इथं फोटो काढायचे ते वालुकाश्माच्या कड्यांचे, धुक्याचे, देनवा नदीच्या पाण्याचे. दादाला हे पटत नव्हतं. त्याच्याकडे डिजिटल आणि हातभर लांब लेन्स.

“अगं, वाघ समोर आला तर काय करशील?”

“बघीन की डोळ्यांनी.”

पहाटे पोहे-जिलेबी खाऊन इंदूर सोडलं. भोपाळ, ओबेदुल्लागंज, नर्मदापुरम, सोहागपूर. रस्ता चांगला, सांगण्यासारखं फारसं काही नाही. आदिमानवाच्या गुहाचित्रांच्या भीमबेटकाला मात्र थांबा, ते वाटेवरच आहे. गुहांमध्ये उजेड बेताचाच, आणि चित्रांवर फ्लॅश मारायचा नाही. चारशे आयएसओचा रोल भरलेला असेल तर निभावतं (हा आकडा जितका मोठा, तितका उजेड कमी लागतो). रोल डिकीत ठेवू नका. हिवाळ्यातही उन्हात उभी केलेली गाडी आतून चांगलीच तापते. सीटखाली कापडी पिशवीत ठेवले की झालं. फ्रिजमधले रोल आदल्या रात्रीच बाहेर काढून ठेवा, नाहीतर डबी उघडताच फिल्मवर दव धरतं.

आधी उद्यानाचं प्रवेशद्वार मढई, मग पचमढी, असा क्रम बरा. सोहागपूरहून आत वळायचं, नावेतून देनवा ओलांडायची, पलीकडे जिप्सी मिळते. सफारीचं बुकिंग ऑनलाइन आधीच करा आणि ओळखपत्राची मूळ प्रत सोबत ठेवा. बुधवारी दुपारी सफारी बंद असते, आणि १ जुलै ते ३० सप्टेंबर गाभा क्षेत्रच बंद.

सकाळच्या फेरीत खरी अडचण उजेडाची. सूर्य वर आला तरी झाडांखाली अंधारच. दोनशेच्या फिल्मवर लेन्स एफ/२.८ इतकी उघडूनही शटर १/३० सेकंदाहून वेगानं जाईना, आणि जिप्सीचं इंजिन चालू असताना १/३० ला सगळं हलतं. मी इल्फर्ड एचपी५ ही चारशेची कृष्णधवल फिल्म आठशेवर धरून, म्हणजे आठशेची समजून वापरली. ड्रायव्हरला इंजिन बंद करायला सांगायचं, दोन्ही कोपरं बारवर टेकवायची आणि श्वास सोडता सोडता बटण दाबायचं. गवे इतके जवळ उभे होते की पन्नासची लेन्स पुरली. शेकरूही दिसलं. महाराष्ट्राचा राज्यप्राणी आम्हा इंदूरच्या मराठी माणसांना मध्य प्रदेशातच भेटला! दादानं तेवढ्यात शंभर फोटो काढले, मी एक. जिप्सी चालू असताना रोल बदलू नका. रस्त्याची धूळ थेट शटरच्या पडद्यावर जाऊन बसते.

पिपरियाहून पचमढी पन्नासेक किलोमीटर. मटकुलीनंतर घाट लागतो. वर स्वतःची गाडी सगळीकडे नेता येत नाही. जंगलातल्या ठिकाणांसाठी बायसन लॉजवर परवाना घ्यायचा आणि जिप्सी करायची. तो लॉज १८६२ सालचा, आता तिथं संग्रहालय आहे.

फिल्मचं खरं चीज इथं होतं. धूपगड सुमारे १३५० मीटर, सातपुड्यातलं सर्वांत उंच ठिकाण. सूर्यास्ताला तिथं जत्रा असते. सगळे सूर्याकडे तोंड करून उभे असतात, तेव्हा तुम्ही पाठ फिरवा. समोरचे कडे तांबूस होतात आणि कोडॅक गोल्ड २०० त्या रंगाला फार मानवते. उजेड मोजायचा मीटर सावलीवर धरा. निगेटिव्ह एखाददुसरा स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट) जास्त उजेड सहज सोसते, कमी उजेड मात्र सोसत नाही. धुक्यात उलटी गंमत होते. मीटर धुक्यालाच उजेड समजतो आणि फोटो मळकट येतो, म्हणून एक स्टॉप उघडा. बी फॉल धबधब्याला ट्रायपॉड न्या, पण पायऱ्या पुष्कळ आहेत, हलकाच न्या.

नागपंचमीच्या सुमारास पचमढीच्या डोंगरातल्या नागद्वारीची यात्रा असते. विदर्भातून माणसांचे लोंढे येतात, खोली मिळणं मुश्कील. माणसांचे फोटो काढायचे असतील तर जरूर त्याच वेळी जा, पण कॅमेऱ्याला पावसाचं आवरण हवं.

रोल आणि मीटरची बॅटरी दोन्ही इंदूरहूनच जास्तीची घ्या. वर मिळेल या भरवशावर राहू नका. आठशेवर वापरलेल्या रोलवर तिथल्या तिथं मार्करनं ‘८००’ लिहा आणि धुवायला देताना तोंडीही सांगा, कारण तो जास्त वेळ धुवावा लागतो.