गाठ काढण्याआधी एमआरआय!

आज ओपीडीत पुन्हा तेच. मांडीतली गाठ 'चरबीची असेल' म्हणून दुसऱ्या दवाखान्यात काढून टाकलेली, टाके आडवे, आधी एमआरआय नाहीच. रिपोर्ट आला तो सायनोव्हियल सार्कोमाचा, म्हणजे मऊ ऊतींच्या एका कॅन्सरचा.

दुखत नाही म्हणून निर्धास्त राहू नका, सार्कोमा बहुतेकदा दुखतच नाही. ५ सेंमीपेक्षा मोठी, वाढणारी किंवा स्नायूत खोलवर असलेली गाठ संशयितच धरायची. आधी कॉन्ट्रास्ट (शिरेतून औषध देऊन केलेला) एमआरआय, मग सुईने तुकडा काढून तपासणी, म्हणजे बायोप्सी. उलट केलं की सुईमुळे झालेला रक्तस्राव चित्रात गोंधळ घालतो. एफएनएसीवर (बारीक सुईने नुसत्या पेशी ओढून घेण्यावर) सहसा भागत नाही. १४ किंवा १६ गेजच्या कोअर नीडलने (जाड पोकळ सुईने) चार-पाच तुकडे हवेत. सुई कुठून घालायची ते ऑपरेशन करणाऱ्या सर्जननेच ठरवावं, कारण तो मार्ग पुढे गाठीबरोबर काढायचा असतो. हातापायावर छेद उभाच घ्यायचा, ड्रेनही (साचलेलं रक्त-पाणी बाहेर काढणारी नळी) त्याच रेषेत, टोकाजवळ. आडव्या छेदामुळे नंतर कितीतरी जास्त कातडी जाते आणि प्लास्टिक सर्जनला बोलवावं लागतं.

गाठीभोवती दिसणारं कवच फसवं असतं. संत्र्यासारखी सोलून निघते, सर्जन खूश. पेशी मात्र मागेच राहतात. म्हणून भोवतीचं १-२ सेंमी निरोगी मांस किंवा शाबूत फॅशिया (स्नायूवरचा चिवट पडदा) सोबत यायला हवा. मुख्य मज्जातंतू (नर्व्ह) किंवा धमनी खेटून असेल तर अनेकदा आधी रेडिएशन, ५० ग्रे (किरणांची मात्रा) २५ वेळांत, आणि ४ ते ६ आठवड्यांनी ऑपरेशन. यात जखम भरायला जास्त त्रास होतो, हे नातेवाइकांना आधीच सांगावं.

आणि छातीचा सीटी राहू देऊ नका. हा आजार पसरला तर बहुधा फुफ्फुसातच जातो.