अजून एक व्हीएमसी घ्यायच्या आधी एकदा सिम्युलेशन करून बघा

भोसरी, चाकण, शिरोली, कुठल्याही एमआयडीसीत जा, छोट्या मशीन शॉपची डिस्पॅच लेट व्हायला लागली की मालकाच्या डोक्यात पहिला विचार येतो तो नवीन मशीनचा, म्हणजे व्हीएमसीचा (व्हर्टिकल मशीनिंग सेंटर, धातू कापणारं कॉम्प्युटरवर चालणारं मशीन). मग लोन काढायचं, हप्ते भरायचे, आणि माल तरी अडकलेलाच. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण मशीन घेतल्यावर काय होईल हे आता आधीच ब्राउझरमध्ये शॉपची नक्कल, म्हणजे सिम्युलेशन, चालवून बघता येतं.

मशीन घेऊनही माल का अडकतो? कारण बऱ्याचदा तो मशीनवर नसतोच. जॉन लिटलने १९६१ मध्ये सिद्ध केलेला एक नियम आहे, आत पडलेला माल भागिले रोज बाहेर जाणारा माल म्हणजे एक पीस सरासरी किती दिवस आत राहतो ते. फ्लोअरवर ६०० पीस आणि रोज १०० डिस्पॅच, म्हणजे ६ दिवस. त्यात प्रत्यक्ष कटिंग समजा अर्धा तास, बाकी सगळा वेळ तो क्रेटमध्ये पडून, कधी सेटिंग व्हायचंय म्हणून, कधी इन्स्पेक्शन राहिलंय म्हणून, आणि हीट ट्रीटमेंटला गेला असेल तर तिथं भट्टीचा चार्ज, म्हणजे एका वेळी आत जाणारा माल, भरेपर्यंत. त्यात भोसरीत गुरुवारी सुट्टी आणि बाहेर काम करून देणाऱ्या जॉबवर्कवाल्याची सुट्टी वेगळ्या दिवशी असली की अजून एक दिवस गेला.

मशीन सतत बिझी ठेवायचा हट्ट पण महागात पडतो. जॉब कधीही येतात, वेळ कमीजास्त लागतो, असं धरून रांगेचं साधं मॉडेल मांडलं तर मशीन ८० टक्के बिझी असताना तिथं सरासरी ४ जॉब असतात, ९० टक्क्यांना ९ आणि ९५ ला थेट १९!

एक्सेलमध्ये आपण सरासरी टाकतो त्यामुळे हे दिसतच नाही. सिम्युलेशनमध्ये एकेक जॉब आत येतो, थांबतो, मध्येच ब्रेकडाउन होतं, आणि असं अख्खं वर्ष काही सेकंदात पळवता येतं, तेही शेकडो वेळा, कारण एका रनवर विश्वास ठेवू नये. पायथन येणारं कोणी असेल तर सिमपाय ही सिम्युलेशनची पायथन लायब्ररी फुकट आहे आणि ब्राउझरमध्येच गूगल कोलॅबवर चालते, नाहीतर एनीलॉजिक क्लाउडसारख्या ठिकाणी कोणी बनवून दिलेलं मॉडेल मालक स्वतः आकडे बदलून चालवू शकतो, स्वतःचा सर्व्हर नको की काही नको.

डेटा कुठून आणायचा असं सगळे विचारतात. अहो, जॉबवर्कची चलनं काढा, माल गेल्याची आणि आल्याची तारीख त्यातच असते. ब्रेकडाउन मेंटेनन्सच्या रजिस्टरमध्ये, आणि सेटिंगचा वेळ घड्याळ लावून मोजा, ऑपरेटरला आधी नीट सांगून, नाहीतर त्याला वाटतं आपल्यावर नजर ठेवतायत.

मग मागचे तीन महिने मॉडेलमध्ये चालवा आणि डिस्पॅच रजिस्टरशी ताडून बघा. जुळत नसेल तर पुढचं काहीच खरं धरू नका. जुळलं की मॉडेलमध्येच आधी जॉबवर्कला २०० ऐवजी ५० च्या बॅच पाठवून बघा, टेम्पोचा जादा खर्च धरून, मग इन्स्पेक्शनला एक माणूस वाढवून, आणि नवीन व्हीएमसी सगळ्यात शेवटी.