तुम्ही विचारलंत म्हणून: गुळवेल देणं मी बंद का केलं

"ताई, वेल तं तशीच हाय तुमच्या निंबावर. मंग काहून देत नाई?" हा प्रश्न मला चक्कीवर विचारतात, लग्नाच्या मांडवात विचारतात, परवा तर तेरवीच्या पंगतीत विचारला. पाठोपाठ ठरलेलं वाक्य येतंच: "डॉक्टरायच्या बाजूच्या झाल्या तुम्ही." तालुक्याचे शिकलेले लोक उलटं विचारतात: "बीएस्सी झालेल्या बाईनं गावाला काढे पाजलेच कसे?" आजवर दोघांनाही टाळलं. आता एकदाच लिहिते.

आधी शिकलेल्यांना. २०२० मध्ये एसटी बंद होती, लस नव्हती, आणि साध्या तापाच्या माणसाला कुणी आत घेत नव्हतं. ऑक्टोबरात आयुष मंत्रालयानं कोरोनासाठी ज्या उपचाराच्या सूचना काढल्या, त्यात गुळवेल होती. मी काही मनचं देत नव्हती. निंबावरची गुळवेल सगळ्यात गुणाची, हे सासूबाईंचं शिकवणं. बोटाएवढी जाड कांडी घ्यायची, कागदासारखी साल नखानं सोलायची, खाली हिरवीगार निघते. आडवी कापली की बंडीच्या चाकासारखे आरे दिसतात. बचत गटाच्या आम्ही सहा जणी ती वाळवायचो, कुटायचो, वस्त्रगाळ करायचो. एक रुपया घेतला नाही. ज्यांना बरं वाटलं ते खोटं बोलत होते, असं मी आजही म्हणणार नाही.

पण प्रत्येक डब्यासोबत मी एक वाक्य द्यायची: "रोगप्रतिकारशक्ती वाढते, अपाय काहीच नाही." त्यातला दुसरा अर्धा भाग कोणत्याही पत्रकात नव्हता. तो माझा होता.

माझ्या थोरल्या जाऊबाई रोज सकाळी चमचाभर घ्यायच्या. थायरॉइडची गोळी त्यांना बऱ्याच वर्षांपासून होती. मी विचारात घेतली नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावती पुन्हा बंद झाली, आणि त्याच सुमारास त्यांना फोडणीचा वास सोसेनासा झाला. मग डोळे पिवळे. घरच्यांनी आधी शेजारच्या गावी कावीळ उतरवायला नेलं. त्यानं चुन्याच्या निवळीत हात धुतले, पाणी पिवळं झालं, "निघाली" म्हणाला. मला माहीत होतं, तो आधी हाताला झाडाच्या सालीचा रस चोळतो. परतताना ऑटोत मी त्याच्यावर खूप चिडली.

चौथ्या दिवशी दवाखान्यात भरती केलं. तरुण डॉक्टरीणबाई खाटेजवळ आल्या, कागदावर लिहीत विचारलं, "आणखी काय घेता? झाडपाला, काढा, चूर्ण?" जाऊबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "काही नाही."

फाईल माझ्या हातात होती. मी बोलली नाही.

त्या मला वाचवत होत्या, हे मला त्याच क्षणी कळलं. डबा त्यांच्या पिशवीत साडीखाली होता, पांढऱ्या झाकणाचा, माझ्या अक्षरातली चिठ्ठी चिकटवलेला. पुढचे दोन दिवस सकाळी त्यांनी त्यातला चमचा घेतला, आणि त्यासाठी कोमट पाणी कॅन्टीनमधून मीच आणून दिलं. मनाला सांगत होती की गुळवेल काविळीवरही चालतेच, पोथीत आहे. रक्तातलं काविळीचं माप, बिलिरुबिन, १४ वरून १९ वर गेलं. हिपॅटायटिस ए, ई, बी, सी, सगळे रिपोर्ट कोरे आले. तिसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी व्हरांड्यात मला एकटीला तेच पुन्हा विचारलं, तेव्हा सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत. "डबा आणा" एवढंच म्हणाल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

सुई टाकून यकृताचा तुकडा तपासला. स्टेरॉइड सुरू झालं. तोंड सुजलं, साखर वाढली, पण चार-पाच महिन्यांनी डोळे पांढरे झाले. डॉक्टरीणबाईंनी केसपेपरच्या मागे आकृती काढून सांगितलं होतं: रक्तातल्या पांढऱ्या पेशींचं खरं काम आपलं आणि परकं ओळखणं. इथं ताकद कमी पडली नाही, ओळख चुकली. त्या पेशी स्वतःच्याच यकृतावर गेल्या. मी मात्र प्रतिकारशक्तीला ज्वारीची कोठी समजत होती, जितकी भरेल तितकं चांगलं.

गुळवेलीनंच झालं का? केसपेपरवर "संशय" लिहिलंय, त्यापुढे कुणी गेलं नाही. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी असेच सहा रुग्ण छापले. आयुष मंत्रालय म्हणालं, दुसऱ्याच जातीची सारखी दिसणारी वेल असेल. २०२२ मध्ये देशभरातले ४३ रुग्ण छापून आले. आमची वेल वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांना दाखवली. खरी गुळवेल आहे.

तेव्हाची मी अजून भांडते. म्हणते, शंभर जणांना दिलं, एकीला झालं. टीबीच्या गोळ्यांनी कावीळ होत नाही का? होते. पण ती गोळी देणाऱ्यानं सांगायचं असतं की डोळे पिवळे झाले तर थांबव आणि ये. मात्रा ठरलेली असते, नाव लिहिलेलं असतं. माझ्या डब्यावर "गुळवेल" लिहून खाली एक पान काढलेलं होतं. आमच्या भागात किती डॉक्टर ते सांगतात, हेही मला माहीत आहे. दोन मिनिटांत सलाईन लावून बाहेर काढणारेही मी पाहिलेत. म्हणून "डॉक्टरांच्या बाजूची" म्हटलं की राग येतो. सेवाग्राम जवळ, म्हणून लोक मला गांधीजींच्या मातीच्या पट्ट्या ऐकवतात. त्याच गांधीजींनी १९२४ मध्ये पुण्याच्या ससूनमध्ये अपेंडिक्सचं ऑपरेशन करून घेतलं होतं.

जाऊबाईंनी त्या दोन दिवसांचा विषय कधी काढला नाही. मीही नाही.

मागच्या महिन्यात मात्र त्यांनीच विचारलं, "नातवाले ताप हाय. दोन कांड्या देतं काय?" मी म्हटलं, आधी रक्त तपासू. त्या काही बोलल्या नाहीत. रक्त तपासलं, काही निघालं नाही, दोन दिवसांत ताप उतरला.

तिसऱ्या दिवशी सडा टाकताना दिसलं, निंबावरच्या वेलीला विळ्याचा ताजा काप होता, अजून ओला. मी त्यांना विचारलं नाही.