९२ फ्लॅट, ६१ सह्या

भांडुप पश्चिमेला एलबीएस मार्गालगत जुन्या कारखान्यांच्या जागी टॉवर उभे राहिले. त्यातल्याच एका इमारतीत आम्ही २०२२ च्या दिवाळीत राहायला आलो. दोन विंग, ९२ फ्लॅट. पझेशन देताना बिल्डरने २४ महिन्यांचा मेंटेनन्स आगाऊ घेतला आणि ‘आता दोन वर्षं काही बघायला नको’ असं आम्ही सगळेच समजून चाललो.

पुढच्या जुलैत पाण्याचा पंप जळाला. दोन दिवस टँकर. बिल्डरच्या माणसाला फोन केला की तो म्हणे वर विचारतो, आणि वरून उत्तर येईना. पैसे आमचे, पंप आमचा, पण पंपवाल्याला बोलवायचा अधिकार कोणाचा, हेच कोणाला सांगता येत नव्हतं. त्या रात्री मी कपाटातून ॲग्रीमेंट काढलं आणि पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचलं. मी एका शाळेत हिशेबाचं काम करते, कागद वाचायची सवय आहे, तरी घराचा कागद मात्र वाचला नव्हता.

फ्लॅटधारकांची सोसायटी झाली की कारभार आमच्या हातात येणार होता. पण बिल्डरचं म्हणणं ठरलेलं होतं: सगळे फ्लॅट विकले गेले की आम्हीच सोसायटी करून देऊ. कायदा असं म्हणत नाही. बिल्डरांवर नियंत्रण ठेवणाऱ्या २०१६ च्या रेरा कायद्यानुसार निम्म्याहून जास्त फ्लॅट बुक झाले की तीन महिन्यांत सोसायटी स्थापन व्हायला हवी. बिल्डर हालचाल करत नसेल तर १९६३ च्या मोफा, म्हणजे महाराष्ट्राच्या फ्लॅट मालकीच्या कायद्याखाली फ्लॅटधारक स्वतः सहकारी संस्थांच्या उपनिबंधकाकडे अर्ज करू शकतात. नोंदणीआधी बिल्डरचं म्हणणं ऐकून घेतात, पण त्याच्या सहीवाचून काम अडत नाही. हे मी पार्किंगमधल्या मीटिंगमध्ये वाचून दाखवलं आणि तिथेच मला चीफ प्रमोटर, म्हणजे नोंदणीसाठी सगळ्यांच्या वतीने अर्ज करणारी, केलं.

अर्जाला किमान ५१ टक्के फ्लॅटधारक हवेत. ९२ पैकी म्हणजे ४७. खरं काम हेच. राहणाऱ्यांच्या सह्या आठवड्यात झाल्या, पण कितीतरी फ्लॅटमध्ये भाडेकरू, मालक पुण्यात नाहीतर दुबईत. शिवाय भीती होती: बिल्डर चिडला तर राहिलेली कामं करून देणार नाही. बी विंगच्या सातव्या मजल्यावरच्या आजींनी मला आत बसवलं, चहा दिला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “मुलाला विचारून सांगते.” तीन दिवसांनी त्या स्वतः खाली आल्या, सही करून, सोबत इंडेक्स टूची, म्हणजे फ्लॅटच्या नोंदणी झालेल्या कराराच्या सरकारी उताऱ्याची, झेरॉक्स घेऊन. अशा ६१ सह्या झाल्या. प्रत्येकाचे शेअर्सचे ५०० आणि प्रवेश फी १००, असे ३६,६०० रुपये जिल्हा मध्यवर्ती बँकेत भरले.

बिल्डर कागद देईना. पण सीसी (बांधकाम सुरू करण्याची परवानगी), टायटल रिपोर्ट (जमिनीच्या मालकीचा अहवाल) असे बरेच कागद महारेराच्या, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाच्या साइटवर प्रकल्पाच्या पानावर होते, तिथून उतरवून घेतले. जमिनीचं मालमत्ता पत्रक नगर भूमापन कार्यालयातून काढलं. उपनिबंधकांकडे सुनावणीच्या पहिल्या तारखेला बिल्डरकडून कोणी आलं नाही, दुसरीला वकील आले आणि मुदत मागितली. पुढे नोंदणी झाली. प्रमाणपत्र हातात आलं तेव्हा मी कार्यालयाच्या जिन्यातच उभी राहून ते दोनदा वाचलं.

नोंदणीनंतर तीन महिन्यांत पहिली सर्वसाधारण सभा घ्यायची असते. ती झाली, हंगामी समिती बसली. मग सुरू झाला हँडओव्हर, म्हणजे बिल्डरकडून हिशेब आणि कागद ताब्यात घेणं, आणि नव्या इमारतीतल्या लोकांना माझं कळकळीचं सांगणं आहे की इथे घाई करू नका. बिल्डरने आगाऊ मेंटेनन्सचा हिशेब दिला तो एका पानावर. मी व्हाउचर मागितली. महिनाभराने एक खोका आला. त्यात विजेची तीन बिलं दरमहा लावलेली, आणि आमच्या माहितीत सामायिक मीटर दोनच. एका संध्याकाळी वॉचमनला घेऊन मीटर रूममध्ये गेले, टॉर्च मारून एकेक मीटरचा नंबर बिलाशी ताडून पाहिला. तिसरा मीटर होता तळमजल्यावरच्या विक्री कार्यालयाचा. त्यांच्या एसीचं बिल दोन वर्षं आम्ही भरत होतो. तीन पत्रं लिहिली, तेव्हा ती रक्कम परत आली.

लिफ्टचे परवाने, आग प्रतिबंधक यंत्रणेचे कागद, प्लंबिंगचे नकाशे एकेक करून सही घेऊन ताब्यात घेतले. नकाशे मिळाले म्हणून बरं झालं. पोडियममधून (टॉवरच्या पायथ्याच्या मोठ्या स्लॅबमधून) पाणी गळायला लागलं तेव्हा पाइप कुठून गेलाय ते दाखवता आलं. बांधकामातला असा दोष पझेशनपासून पाच वर्षांत कळवला तर दुरुस्ती बिल्डरने विनाशुल्क करायची असते. आम्ही लेखी कळवलं, त्यांनी ती करून दिली. तोंडी तक्रार आधी वर्षभर चालली होती.

आता राहिलंय कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर होणं. जमीन अजून बिल्डरच्याच नावावर आहे आणि ते टाळताहेत, म्हणून मानीव अभिहस्तांतरणाची, म्हणजे बिल्डरच्या सहीशिवाय होणाऱ्या कन्व्हेयन्सची, फाइल तयार करतोय. त्याला सगळ्या ९२ फ्लॅटचे इंडेक्स टू लागतात. ८० जमलेत. उरलेल्या १२ मालकांना दर रविवारी सकाळी मी फोन करते.